काल्पनिक ग्रहाच्या पाच चंद्रांचं बारसं

तिरकी_कक्षा
मंडळी, एका विज्ञानकथेसाठी मदत हवी आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा, गुरूसारखा एक वायुग्रह आहे. त्याला पाच चंद्र. तिसऱ्यावर माणसांची वस्ती, दीडशे वर्षं जुनी. चौथा उलट्या दिशेने फिरतो. पाचवा किरकोळ आकाराचा, कथेच्या मध्यावर सापडतो.

प्रश्न असे: नावं द्यावीत की नुसते क्रमांक? खऱ्या चंद्रांना नावं देताना काय नियम पाळतात? आपल्या पुराणांतली नावं दिली तर जाणकार वाचक नाक मुरडतील का? आणि पाचवा सापडतो तेव्हा पात्रं त्याला काय म्हणतील?

उल्कापात
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि शेंडेफळ. झालं बारसं, घुगऱ्या वाटा.

मुपो_टायटन
मुळात तीन वेगळे टप्पे असतात आणि कथा लिहिणारे ते हमखास एकात एक मिसळतात.

चंद्र सापडला की आधी मिळते ती तात्पुरती खूण. उदाहरणार्थ एस/२००४ एन १. पहिला एस म्हणजे उपग्रह, मग वर्ष, मग ग्रहाचं अक्षर (गुरू जे, शनी एस, युरेनस यू, नेपच्यून एन), शेवटी त्या वर्षातला कितवा ते. यातलं वर्ष हे चंद्र ज्या छायाचित्रात पहिल्यांदा दिसतो त्याचं असतं, शोध लागल्याचं असेलच असं नाही. वरची खूण नेपच्यूनच्या हिप्पोकॅम्प या चंद्राची. तो सापडला २०१३ मध्ये, पण हबलच्या जुन्या चित्रांत तो २००४ पासून होता.

दुसरा टप्पा कायमच्या क्रमांकाचा. कक्षा भरवशाची ठरली, म्हणजे पुढच्या वर्षी तो कुठे दिसेल हे सांगता आलं आणि तिथे तो दिसला, की रोमन आकडा मिळतो. नाव त्यानंतर. शोधणारे सुचवतात, आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा नामकरण गट मंजूर करतो. यात वर्षं जातात. हिप्पोकॅम्पला नाव २०१९ मध्ये मिळालं.

घाई केली तर काय होतं ते गुरूच्या थेमिस्टो या चंद्रावरून कळेल. १९७५ मध्ये सापडला, एस/१९७५ जे १ अशी खूण मिळाली, कक्षा काढण्याइतकी निरीक्षणं झाली नाहीत आणि तो हरवला. २००० मध्ये ‘नवा’ चंद्र म्हणून पुन्हा सापडला, तेव्हा कळलं की हा जुनाच.

तुमचा पाचवा चंद्र सापडल्याच्या दुसऱ्याच पानावर नावाने ओळखला जाऊ लागला, तर मी पुस्तक मिटेन.

चिंचगूळ
दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह म्हटल्यावर जे, एस, यू, एन उपयोगाचे नाहीत ना?

मुपो_टायटन
नाहीत. परग्रहांना ताऱ्याच्या नावापुढे लहान रोमन अक्षर मिळतं आणि सुरुवात बी पासून होते. त्यांच्या चंद्रांसाठी रोमन आकडा जोडायची पद्धत वापरात आहे. केप्लर-१६२५ बी या ग्रहाला चंद्र असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला, त्याला ‘केप्लर-१६२५ बी आय’ म्हणतात. यातला आय म्हणजे रोमन एक. तो दावा अजून वादात आहे, पण लिहिण्याची रीत तुम्हाला उचलता येईल.

बटुग्रह आणि लघुग्रहांच्या चंद्रांत ग्रहाच्या अक्षराऐवजी कंसात त्या पिंडाचा क्रमांक येतो. माकेमाकेचा चंद्र एस/२०१५ (१३६४७२) १. वापरायला किचकट म्हणून शोधणाऱ्यांनी त्याला एमके-२ म्हणायला सुरुवात केली. पात्रांच्या तोंडी असंच काहीतरी येईल.

गणपतपेठ
सगळं बरोबर, पण तिथे दीडशे वर्षं राहणारी माणसं असली खूण उच्चारतील का? डोक्यावर काय दिसतं त्यावरून ती नाव ठेवतील.

मंगळाचं उदाहरण घ्या. फोबोसची फेरी ७ तास ३९ मिनिटांची, मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा. चंद्र ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा वेगात पळतो, म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो आणि साधारण ११ तासांनी पुन्हा उगवतो. डीमॉसची फेरी ३०.३ तासांची, म्हणजे दिवसापेक्षा थोडीच जास्त. तो आभाळात रेंगाळतो, एकदा उगवला की पुन्हा उगवायला जवळजवळ साडेपाच दिवस. मंगळावर जन्मलेल्या पोराला भीती आणि दहशतीच्या ग्रीक देवांशी काय देणंघेणं? तो एकाला पळपुट्या म्हणेल आणि दुसऱ्याला रेंगाळ्या.

धागाकर्त्यांनी आधी फेऱ्यांचे तास ठरवावेत. गणित सोपं: एक भागिले चंद्राची फेरी, वजा एक भागिले दिवस, आलेल्या संख्येचा व्यस्त केला की दोन उगवण्यांमधलं अंतर. उत्तर ऋण आलं तर चंद्र रोजच्यासारखा पूर्वेला उगवतो, धन आलं तर पश्चिमेला.

उल्कापात
फोबोसच्या कला साडेसात तासांत पूर्ण होतात म्हणजे मंगळावर दिवसातून तीन संकष्ट्या. उपास सोडेपर्यंत पुढचा सुरू.

खिडकीतली_दुर्बीण
गणपतपेठ, सूत्र छान, पण ते ग्रहावर उभं राहून चंद्र बघणाऱ्यासाठी आहे. इथे वस्ती तिसऱ्या चंद्रावर आहे. असा मोठा, ग्रहाजवळचा चंद्र बहुतेक ग्रहाकडे एकच बाजू करून असतो. म्हणजे ग्रह आभाळात एकाच जागी टांगलेला, फक्त त्याच्या कला बदलणार. आतले दोन चंद्र ग्रहाच्या अवतीभवतीच दिसणार, आपल्याला बुध-शुक्र सूर्याच्या आसपास दिसतात तसे. बाहेरचा चौथा मात्र पूर्ण आभाळ ओलांडून जाईल. ग्रहाच्या पाठीकडच्या अर्ध्या भागातल्या लोकांना आतले दोन जवळपास दिसणारच नाहीत. एकाच वस्तीत दोन बाजूंना दोन वेगळ्या नावांच्या परंपरा तयार होतील, हे कथेला खाद्य आहे.

तिरकी_कक्षा
हे डोक्यातच नव्हतं आलं. धन्यवाद. मग क्रमांक बाद समजायचे का? मला ‘तिसरा’ हे वस्तीचं नाव म्हणून आवडलं होतं.

स्थितप्रज्ञ_नाही
बाद कशाला? गुरूच्या चार मोठ्या चंद्रांना आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावं सिमॉन मारिउसने १६१४ मध्ये छापली. कल्पना केप्लरची. गॅलिलिओने नावं नाकारून आकडेच चालवले आणि पुढे तीनशे वर्षं बहुतेक खगोलज्ञ गुरूचा पहिला, दुसरा असंच लिहीत राहिले. नावं रुळली विसाव्या शतकात. तुमच्या दीडशे वर्षं जुन्या वस्तीत ‘तिसरा’ सहज चालेल.

मुपो_टायटन
असहमत. गुरूचे आकडे टिकले कारण १८९२ पर्यंत पाचवा सापडलाच नाही. शनीचं काय झालं ते बघा. तिथे अंतराप्रमाणे आकडे देत, आणि नवा चंद्र आत सापडला की सगळ्यांचे आकडे सरकत. टायटन आधी दुसरा, मग चौथा, मग सहावा. आयपिटस पाचव्याचा सातवा आणि १८४८ मध्ये हायपेरियन सापडल्यावर आठवा. जुन्या निरीक्षणात ‘शनीचा चौथा’ वाचलं तर आधी सन बघावा लागतो. याच गोंधळाला कंटाळून जॉन हर्शेलने १८४७ मध्ये तेव्हाच्या सातही चंद्रांना नावं दिली: मिमास, एन्सेलाडस, टेथिस, डायोनी, ऱ्हीया, टायटन, आयपिटस. शनी म्हणजे ग्रीकांचा क्रोनस, म्हणून त्याचे भाऊबंद टायटन.

आकडे मोडतात तेव्हाच नावं येतात. कथेतला पाचवा जर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये सापडला, तर हा पेच आयता मिळेल.

स्थितप्रज्ञ_नाही
पण आता आकडे सरकवत नाहीत. गुरूचा पाचवा, अमाल्थिया, पहिल्या आयोच्याही आत आहे, तरी पाचवाच राहिला. कथा भविष्यातली आहे, एकोणिसाव्या शतकातली नव्हे.

मुपो_टायटन
नियम तसा आहे, मान्य. वस्तीतले लोक नियम पाळतील याची खात्री कोण देणार?

चिंचगूळ
उलट्या फिरणाऱ्या चंद्राबद्दल काही वेगळं असतं असं ऐकलं होतं?

मुपो_टायटन
असतं, आणि ही युक्ती कथेत सरळ वापरण्यासारखी आहे. गुरूच्या बाहेरच्या चंद्रांमध्ये नाव ‘आ’ने संपलं तर तो ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरतो: हिमालिया, एलारा, लीडा. रोमन लिपीत ‘ई’ अक्षराने संपलं तर उलटा: कार्मे, अनान्के, पासिफे. सुलट पण बराच कललेला असेल तर ‘ओ’, जसा कार्पो. शेपूट बघूनच कक्षा कळते. १९७५ मध्ये सहा ते तेरा क्रमांकांना एकदम नावं दिली तेव्हा ही रीत पक्की झाली. त्याआधी वीसेक वर्षं याच चंद्रांना हेस्टिया, हेरा, पोसायडन, हेडीस अशी दुसरी अनधिकृत नावं काही पुस्तकांत होती. जुनं पुस्तक चाळताना ‘गुरूचा चंद्र हेडीस’ दिसला तर छापखान्याला दोष देऊ नका.

शनीच्या बाहेरच्या चंद्रांत नावाची संस्कृती कक्षेचा गट सांगते. कलण्याच्या प्रमाणानुसार इन्युइट (कीविउक, सियार्नाक), गॉलिश (अल्बिओरिक्स, टार्व्होस) आणि उलटे फिरणारे नॉर्स (यमिर, स्काथी). फीबी मात्र उलटी फिरत असूनही ग्रीक, कारण ती १८९९ची, गट पाडण्याच्या फार आधीची. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ चंद्र एकदम जाहीर झाले आणि संख्या २७४ वर गेली. नॉर्स राक्षस पुरतील का हा खरा प्रश्न आहे.

उल्कापात
आमच्या सोसायटीचं व्हॉट्सॲप ग्रुप बघा म्हणावं. राक्षस पुरवू.

अधिकमास
जरा अवांतर. इतक्या चंद्रांची चौकशी चालली आहे, पण आपल्या एकुलत्या एक चंद्राला बातम्यांत रोज नवं नाव मिळतं ते बघताय ना? एप्रिलमध्ये ‘गुलाबी चंद्र’, जूनमध्ये ‘स्ट्रॉबेरी मून’. ही उत्तर अमेरिकेतल्या पंचांगांमधली महिन्यांची नावं. एप्रिलची पौर्णिमा गुलाबी दिसत नाही, तिथे त्या सुमारास फुलणाऱ्या फुलांवरून ते नाव आहे. ‘सुपरमून’ हा शब्द तर १९७९ मध्ये एका ज्योतिषाने काढला.

आपल्याकडे प्रत्येक पौर्णिमेला नाव आहेच: वट, गुरु, नारळी, कोजागरी, त्रिपुरी, शाकंभरी. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ब्लू मून’चा गाजावाजा झाला. १ ऑगस्टची पौर्णिमा अधिक श्रावणातली होती आणि महिनाअखेरची निज श्रावणातली, म्हणजे साधी नारळी पौर्णिमा. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ‘ब्लू’, ही व्याख्याही १९४६ मध्ये एका अमेरिकी मासिकात जुन्या नियमाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे पसरली. जुना नियम असा की एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरी. जास्तीच्या पौर्णिमेची सोय लावणं, म्हणजे आपल्या अधिकमासाचंच काम.

गणपतपेठ
हे अवांतर नाही. चंद्राला एक नाव आणि त्याच्या प्रत्येक पौर्णिमेला वेगळं नाव, असं वस्तीतही होईल. चौथा चंद्र दूरचा असेल तर त्याची एक फेरी वर्ष-दोन वर्षांची असू शकते. त्याची पौर्णिमा म्हणजे कुंभमेळाच.

खिडकीतली_दुर्बीण
कथेसाठी आणखी एक वाट: नसलेले चंद्र. कासिनीला १६७२ आणि १६८६ मध्ये शुक्राजवळ चंद्र दिसला. पुढे अनेकांना दिसला. १८८४ मध्ये ब्रुसेल्सच्या हूझोने त्याला नीथ असं इजिप्शियन देवीचं नाव दिलं. १८८७ मध्ये जुनी निरीक्षणं तपासली तर त्यातले बरेच मागचे तारे निघाले. चंद्र नाहीसा झाला, नाव उरलं.

शनीचे असे दोन. १८६१ मध्ये गोल्डश्मिटने कायरॉन जाहीर केला, १९०५ मध्ये विल्यम पिकरिंगने थेमिस. फीबी आणि थेमिस मिळून पिकरिंगला फ्रेंच विज्ञान अकादमीचं लालांद पारितोषिकही मिळालं. त्यातली फीबी खरी निघाली, थेमिस पुन्हा कोणालाच दिसला नाही. कायरॉन हे नाव नंतर १९७७ मध्ये सापडलेल्या एका पिंडाला दिलं गेलं. आपल्या पृथ्वीचा ‘दुसरा चंद्र’ लिलिथ १९१८ मध्ये एका इंग्रज ज्योतिषाने नाव ठेवून मोकळा केला.

पाचवा सापडण्याआधी वस्तीत एक खोटा पाचवा नाव घेऊन फिरत असेल तर खऱ्याला कोणतं नाव द्यायचं यावर भांडण लावता येईल.

स्थितप्रज्ञ_नाही
आता पुराणांबद्दल. हरकत कसलीच नाही, फक्त आधी तपासा. वरुण नको: मराठीत नेपच्यूनला वरुण म्हणतात आणि २०००० क्रमांकाचा वरुण नेपच्यूनपलीकडे फिरतो आहे. प्रजापती नको, तो युरेनस. रोहिणी, कृत्तिका, चित्रा नको, वाचकाला तारे आठवतील. रेवती तर नक्षत्रही आहे आणि प्लूटोच्या कॅरन या चंद्रावरचं विवरही. महाभारतातल्या रेवतीवरून २०१८ मध्ये दिलंय. ब्रह्मलोकात जाऊन परत येईपर्यंत पृथ्वीवर युगं लोटली, ती ही. तुम्हाला कालप्रवासाचा उपकथानक हवा असेल तर ठेवा.

परग्रहांबाबत भारताचा एक खरा दाखलाही आहे. २०१९ मध्ये एचडी ८६०८१ या ताऱ्याचं नाव बिभा ठेवलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून, आणि त्याच्या ग्रहाचं संतमस. संतमसला चंद्र सापडलाच तर त्याचं बारसं कोण करेल बघू.

चिंचगूळ
लांबीची मर्यादा असते ना?

मुपो_टायटन
रोमन लिपीत १६ अक्षरांपर्यंत, शक्यतो एक शब्द. महिषासुरमर्दिनी १८ भरते, बाद. आक्षेपार्ह नको, जाहिरातीचं नको, आधीच्या नावाशी फार जुळणारं नको. हा शेवटचा नियम प्लूटोच्या घरात ठळक दिसतो. निक्स या चंद्राचं स्पेलिंग मुद्दाम बदललं (वायऐवजी आय) कारण निक्स नावाचा लघुग्रह आधीच होता. कर्बेरॉस या चंद्राचंही तेच (सीऐवजी के), सर्बेरस लघुग्रह होता. तरी जुन्या नावांत जोड्या राहिल्याच: युरोपा हा लघुग्रहही आहे, पँडोराही.

गणपतपेठ
आणि त्याच कर्बेरॉसच्या वेळी २०१३ मध्ये लोकांचं मत घेतलं, तेव्हा पहिला आलेला व्हल्कन नाकारला. अग्नीच्या देवाचा प्लूटोशी संबंध नाही आणि बुधाच्या आतल्या, कधीच न सापडलेल्या ग्रहासाठी ते नाव वापरून झालं होतं. मतदान घेऊन निकाल बाजूला ठेवणं, हे वस्तीच्या नगरपरिषदेला शोभेल.

अधिकमास
भाषेचा प्रश्न राहिला. ‘युरोपा फिरतो’ की ‘फिरते’? चंद्र म्हणून तो, नाव म्हणून ती.

मुपो_टायटन
मी नाव बघून ठरवतो: युरोपा, ऱ्हीया, फीबी ती; टायटन, ट्रायटन, फोबोस तो. आधी ‘उपग्रह’ शब्द आला असेल तर त्या वाक्यापुरता तो. एका परिच्छेदात दोन्ही नकोत, एवढंच. आणि कॅरनचा उच्चार विचारू नका. शोधणाऱ्या जेम्स ख्रिस्टीने बायकोच्या नावावरून ते सुचवलं म्हणून काही जण शॅरन म्हणतात, ग्रीक नावाड्याला धरून बाकीचे कॅरन.

तिरकी_कक्षा
सगळं वाचून असं ठरवतोय. वसाहत करणाऱ्या कंपनीच्या कागदांवर रोमन आकडे. वस्तीतल्या बोलण्यात धान्यांची नावं, कारण पहिल्या पिढीने काचघरात जे पिकवलं त्यावरून ती पडली: राळा, सावा, कोद्रा. ‘आ’ने संपणारे सुलट. उलटा फिरणारा चौथा ‘ई’वर संपणारा, म्हणून वरी. पाचवा सावा आणि कोद्रा यांच्या मध्ये सापडतो. ग्रहाच्या पाठीकडच्या लोकांना राळा आणि सावा दिसत नाहीत, ते वरीला थोरली म्हणतात.

उल्कापात
पाचव्याचं नाव भगर. उपासालाही चालेल.

चिंचगूळ
वरी आणि भगर एकच की. एकाच चंद्राला दोन नावं पडतील.

गणपतपेठ
थोरली झकास. फक्त वरीची फेरी किती दिवसांची ते आता लिहूनच ठेवा. बऱ्याच कथांत पहिल्या प्रकरणात पौर्णिमा असते आणि चौथ्या प्रकरणात तीन दिवसांनी पुन्हा.

मुपो_टायटन
आणि पाचव्याच्या खुणेत साल जुन्या छायाचित्राचं घ्या. कथेत तो एखाद्या तरुण मुलीला कंपनीच्या जुन्या चित्रांत सापडत असेल, तर खुणेतलं वर्ष तिच्या जन्माआधीचं असेल. कागदावर आकडा पाचवाच राहील, मध्ये सापडला तरी. वस्तीत कोद्राला ‘तिसरा’ म्हणणारे कोणी उरले असतील, तर ते नव्या गणनेने चौथा म्हणायचं की नाही यावर अडतील.

तिरकी_कक्षा
वरीची फेरी ४१२ दिवस धरतो. मग कोद्रावरून दिसणाऱ्या तिच्या पौर्णिमेचं गणित कोणी तपासून देईल का? ताऱ्याभोवती ग्रहाची फेरी ९०० दिवसांची आहे.

खिडकीतली_दुर्बीण
दूरची असल्यामुळे ग्रहावरून आणि कोद्रावरून कला जवळपास सारख्याच दिसतील. उलटी फिरते म्हणून इथे वजाबाकी नाही, बेरीज: एक भागिले ४१२ अधिक एक भागिले ९००. व्यस्त केलं की साधारण २८३ दिवस. सुलट असती तर ७६० आले असते. पण ९०० दिवसांच्या वर्षात ४१२ दिवसांची कक्षा टिकणार नाही, तारा तिला खेचून नेईल. गुरूचं वर्ष ४३३३ दिवसांचं, आणि त्याच्या सर्वात दूरच्या चंद्रांच्या फेऱ्या ७००-८०० दिवसांच्या. त्या प्रमाणात वरीला १५० दिवसांच्या आत ठेवा. १५० धरले तर पौर्णिमा दर १२९ दिवसांनी.